द्वारावती ते बेलापूर : महानुभाव स्थानवाङ्मयातील वाट

महानुभावांच्या ‘स्थानपोथी’ला वाङ्मयाच्या पंक्तीत बसवावे की नाही, याविषयी आपल्या अभ्यासकांचे मन अजून साशंक आहे. चक्रधरस्वामींचा संचार जेथे जेथे झाला, त्या स्थानांची ही यादी. भाषेच्या इतिहासकाराला ती उपयोगी आणि भूगोलाच्या अभ्यासकाला मोलाची. परंतु रसिकाने तिच्याकडे वळावे असे तिच्यात काही नाही, असा समज रूढ आहे. हा समज एकांगी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘स्थानपोथी’ ही वाट चालण्यासाठी रचली गेली. चालणाऱ्याच्या दृष्टीने ती वाचल्याखेरीज तिचा वाङ्मयीन गुण हाती लागत नाही.

या वाटेचे एक टोक दूर पश्चिमसमुद्राच्या काठी आहे. पंथाच्या पंचकृष्णांपैकी चक्रपाणी, म्हणजेच चांगदेव राऊळ, मूळचे फलटणचे. ते द्वारावतीस जाऊन राहिले. हाती खराटा आणि सूप घेऊन ते नगरीच्या वाटा झाडीत आणि केर गोमतीत टाकीत, अशी कथा परंपरेने जपली आहे. गोविंदप्रभूंना शक्तिलाभ झाला तोही तेथेच. एवढ्या महत्त्वाच्या क्षेत्राच्या वर्णनात अथांग सागर, लाटांचा घोष, मंदिराचे शिखर यांची रेलचेल करावी, असा मोह कोणाही कवीस झाला असता. येथे मात्र मनात राहतात ते खराटा आणि सूपच. यात्रेचे अंतिम टोक म्हणून लोक ज्या समुद्रतीराकडे धाव घेतात, तेच पंथाच्या स्मृतीत रोज झाडायची एक वाट होऊन बसले आहे.

ही दृष्टी पुढे सिद्धान्तरूप झालेली दिसते. कन्नड आणि तेलुगू देशांत जाऊ नये, मातापूर-कोल्हापुरास जाऊ नये, महाराष्ट्रात असावे, असा चक्रधरांचा उपदेश ‘सूत्रपाठा’त आला आहे. रूढ तीर्थाटनाची ओढ येथे निग्रहपूर्वक आवरलेली आहे. तथापि चालणे थांबले नाही. त्याची दिशा तेवढी बदलली. दूरच्या क्षेत्राची जागा स्वामींच्या पायवाटेने घेतली.

या पायवाटेचा एक महत्त्वाचा भाग आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर भागात, गोदावरी आणि प्रवरा यांच्या काठी आहे. निधिवास म्हणजे नेवासे, डोमेग्राम म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातील कमालपूर, आणि प्रवरेकाठचे बेलापूर ही तिच्यावरील ठळक नावे. स्वामी बेलापुराहून उत्तरापंथे गेले, ही पंथाची धारणा आहे. नेवाशास शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्याच परिसरात त्यापूर्वी थोड्याच वर्षांच्या अंतराने हा दुसरा संचार होऊन गेला होता, हे मराठीच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

‘स्थानपोथी’ची भाषा या ठिकाणी बारकाईने पाहावी. जेथे मुक्काम लांबला ते अवस्थान, जेथे रात्र काढली ती वसती, जेथे क्षणभर बसणे झाले ते आसन. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, ओटा कोठे, एवढेच सांगून वाक्य संपते. विशेषण जवळजवळ नाहीच. परंतु हाच संयम चालणाऱ्याची गती सांभाळतो. वाक्य संपले की पाऊल पुढे पडते. क्षणभराच्या बैठकीला मुक्कामाइतकीच स्वतंत्र नोंद मिळते. स्मृतीत लहानमोठे असा भेद नाही, ही भूमिका त्या रचनेतच अंगभूत आहे.

मर्यादाही सांगितली पाहिजे. या पोथीत स्थान आहे, पण चालणारा माणूस नाही. त्याची दमणूक, भूक, शंका, सोबत्यांशी झालेले बोलणे, यांसाठी ‘लीळाचरित्रा’कडेच जावे लागते. सराळ्याच्या म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडून आठवणी मिळवून तो ग्रंथ सिद्ध केला, आणि आठवणींत भेद आढळला तेथे पाठभेदही जपले. म्हणून दोन्ही ग्रंथ एकत्र वाचणे हेच इष्ट. एकात वाटेवरची माणसे आहेत, दुसऱ्यात माणसांवाचून उरलेली वाट. वि. भि. कोलते यांनी दोन्ही ग्रंथांच्या संपादित आवृत्त्या सिद्ध केल्यामुळे हे वाचन आज शक्य झाले आहे.

या वाचनास आज एक निकडीचे कारण आहे. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि नेवासे-शेवगाव भागातील गोदाकाठची बरीच जुनी भूमी नाथसागराखाली गेली. ‘स्थानपोथी’ ज्या काठाने चालते तो काठ तेथे पूर्वीचा राहिलेला नाही. जेथे जमीनच पाण्याखाली गेली, तेथे दिशा सांगणारे वाक्य पडताळून पाहण्याचे साधन उरत नाही. ते वाक्यच तेथील शेवटचा साक्षीदार ठरते. दूरच्या समुद्राचे वर्णन न करणाऱ्या या परंपरेने घराजवळच्या नदीकाठाची दिशान् दिशा नोंदवून ठेवली. त्या नोंदीला रुक्ष म्हणण्यापूर्वी अभ्यासकाने पोथी हाती घेऊन डोमेग्रामापासून बेलापुरापर्यंत एकदा तरी पायी चालून पाहावे.