पत्र की पृष्ठ? तालिकीकरणातील ‘विस्तार’ आणि मराठी पोथी

तालिकेतील भौतिक वर्णन ही केवळ ग्रंथपालांच्या सोयीची बाब होय, असे साहित्याभ्यासकांत सर्वसाधारणपणे मानले जाते. मुद्रित मराठी पोथीच्या संदर्भात हे गृहीत टिकत नाही.

आंग्ल-अमेरिकन तालिकीकरण नियमावलीच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार (१९७८) कागद दोन्ही बाजूंनी छापलेला असेल तर विस्तार पृष्ठांत, एकाच बाजूने असेल तर पत्रांत द्यावयाचा. उंची सेंटिमीटरमध्ये पुरते. रुंदी उंचीहून अधिक किंवा उंचीच्या निम्म्याहून कमी असेल तरच दोन्ही मापे. म्हणजे आडव्या पोथीला नियमात जागा आहे, पण अपवाद म्हणून. खरी अडचण पत्रांकनाची आहे. पोथीचे पत्र पाठपोट भरलेले असते, अंक मात्र त्यावर एकदाच पडतो. एकाआड एक पृष्ठावरच अंक असणे हे या नियमावलीच्या आणि पुढे आर.डी.ए.च्या (२०१०) दृष्टीने विस्ताराविषयी गैरसमज करून देणारे अंकन. तालिकाकाराने ते सुधारावयाचे. ४८ पत्रांची पोथी ‘४८, म्हणजे ९६’ होते. एका परंपरेची रूढी दुसऱ्या परंपरेच्या नियमात मुद्रणदोषाच्या पंक्तीला बसते, ते असे.

रंगनाथनांनी ‘क्लासिफाइड कॅटलॉग कोड’मध्ये (१९३४) मुख्य नोंदीतून पृष्ठादि विवरणच वगळले. काटकसर म्हणून ते समजण्याजोगे आहे. परंतु त्यामुळे सुटी पत्रे आणि बांधीव पुस्तक यांतील भेदही नोंदीतून नाहीसा झाला.

हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचींनी वेगळी वाट धरली. पत्रसंख्या, प्रतिपृष्ठ ओळी, प्रतिओळ अक्षरे आणि त्यावरून ३२ अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ या मानाने एकूण विस्तार. वरील ४८ पत्रांवर प्रतिपृष्ठ १० ओळी व प्रतिओळ ३२ अक्षरे असतील, तर तो ९६० ग्रंथ भरतो. हे माप कागदाचे नाही, पाठाचे आहे. लेखकू बदलला, पत्राचा आकार बदलला, तरी ते फारसे ढळत नाही.

तौलनिक अभ्यासाला याची किती गरज आहे, हे ‘दासबोधा’वरून दिसते. रायपूरच्या शंकर नगरातील एखाद्या मराठी घरात तो पोथीरूपाने असेल, शेजारच्या घरात माधवराव सप्रे यांच्या हिंदी अनुवादाचे पुस्तक असेल. (सप्रे १९२६ साली रायपुरातच निवर्तले, या शहरात तरी हे उदाहरण ओढूनताणून आणलेले नव्हे.) दोहोंची पृष्ठसंख्या ताडून काहीच हाती लागत नाही. २० दशक आणि २०० समास ही मोजणी मात्र दोन्हीकडे लागू पडते. पण विस्ताराच्या रकान्यात तिला स्थान नाही, फार तर टिपेत.

संगणकीय प्रतींनी गुंता वाढवला आहे. छायाप्रतीच्या संचिकेत मोजली जाते ती प्रतिमांची संख्या. ‘पत्र १२ ब’ असा संदर्भ घेऊन आलेल्या अभ्यासकाला बारावी नव्हे, चोविसावी प्रतिमा उघडावी लागते, आणि मुखपत्र अनंकित असेल तर तीही नव्हे. नोंदीत पत्रसंख्या पोथीवर असेल तशीच ठेवून पृष्ठसंख्या तिच्या जोडीने दिली, तर प्रचलित नियमांची फारशी मोडतोड न करताही हा शोध सुकर होईल.