सिनेमात नसलेला हिवाळा

रॉबर्ट रेडफर्डचा ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ (१९९२) मी हॉस्टेलवर पाहिला. फ्लाय फिशिंग म्हणजे सोनेरी उन्हात हवेत वळणं घेणारी दोरी, हे तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं. छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं, ते योग्यच.

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत मोंटानातल्या गॅलाटिन नदीत उभा राहिलो. सिनेमातली बरीचशी मासेमारी इथेच चित्रित झालीय. पण थंडीत ट्राउट मंदावतो. खोल, संथ पाण्यात बसून राहतो, भक्ष्यामागे धावत नाही. तिथे लांब, देखणी फेक काय कामाची? तांदळाच्या दाण्याएवढी बनावट माशी तळाशी, थेट त्याच्या तोंडासमोरून वाहू द्यायची. मधूनमधून काठीच्या कड्यांत साचलेला बर्फ बोटांनी फोडायचा. दिवसभरात एकही मासा लागला नाही.

रात्री नॉर्मन मॅक्लेनची मूळ दीर्घकथा (१९७६) वाचली. दारू आणि जुगारात बुडणाऱ्या भावाला मदत करायचीय, पण कशी करावी आणि तो ती घेईल का, हेच थोरल्याला कळत नाही. सिनेमातही हे आहे. पण तिथे प्रत्येक फ्रेम इतकी सुंदर, की हतबलताही देखणी वाटते. ब्रॅड पिट बुडतानाही चमकतो. पुस्तकातली हतबलता मात्र थंडगार आहे.

माझा धाकटा भाऊ हल्ली फोन उचलत नाही. मी त्याला सल्ल्यांचे लांबलचक मेसेज पाठवायचो. त्या रात्री फक्त ‘जेवलास का?’ एवढंच पाठवलं.

ब्लू टिक आलीय. उत्तर अजून नाही.