‘दिलेर जिगर’ : एका मूकपटातील शृंगार

मूकपटाची चर्चा करताना त्यात बोललेला शब्द नाही, ही एक उणीव गृहीत धरण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. ती कितपत ग्राह्य मानावी, हे तपासण्यास जी. पी. पवार यांनी दिग्दर्शित केलेला ‘दिलेर जिगर’ (१९३१) हा प्रणयप्रधान साहसपट उपयुक्त आहे. पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीची ही निर्मिती होय. त्याच वर्षी १४ मार्च रोजी ‘आलम आरा’ मुंबईत प्रदर्शित झाला आणि मूकपटाचे युग ओसरू लागले. भारतात निर्माण झालेल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी जे मोजके टिकले, त्यांत हा एक आहे. त्याचे ऐतिहासिक मूल्य त्यामुळे निर्विवाद ठरते. प्रश्न आहे तो कलामूल्याचा.

कथानक परीकथेच्या वळणाचे आहे. राजाचा घात करून त्याचा भाऊ सिंहासन बळकावतो. तान्हा राजपुत्र वाचतो व कसरतीचे खेळ करणाऱ्यांत वाढतो. सारंगा ही खेळातील त्याची जोडीदारीण आणि प्रेयसी. जुलमी राजाची दृष्टी तिच्यावर पडते व संघर्ष पेटतो. डग्लस फेअरबँक्सच्या साहसपटांचा ठसा येथे उघड दिसतो, आणि म्हणून निव्वळ अनुकरण असा शेरा मारून हा चित्रपट बाजूस सारणे सोपे आहे. तथापि तसे करणे न्याय्य होणार नाही.

अभिनयाच्या आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक या चार प्रकारांपैकी वाचिक अभिनय मूकपटास वर्ज्य असतो. पाट्यांवरील मजकूर त्याची जागा घेऊ शकत नाही. येथे ती उणीव नायक-नायिकेच्या व्यवसायानेच भरून निघते. विदर्भातील जत्रांत डोंबाऱ्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना एकाचा तोल दुसऱ्याच्या हाताच्या भरवशावर कसा टिकतो, हे सांगावयास नको. असा भरवसा रोजच्या कामात मुरलेला असता प्रेमाच्या उच्चाराची निराळी गरज उरत नाही.

दुसरा विशेष सारंगेचा. फ्रान्झ ऑस्टेनच्या ‘शिराज’मधील (१९२८) सलीमा पळविली जाते, विकली जाते. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर कथेच्या बहुतेक वाक्यांत ती कर्म असते. झुरणे आणि त्याग करणे या क्रिया नायकाच्या वाट्याला येतात. सारंगाही आरंभी अभिलाषेचा विषयच असते. पण पुढे ती मुखवटा चढवून स्वतः शस्त्र हाती घेते आणि कर्ता बनते. अर्थात या कर्तेपणास मर्यादा आहे. त्यासाठी तिला वेषांतर करावे लागते, आणि अखेरीस न्याय म्हणून जे मिळावयाचे ते राज्य राजपुत्राचेच असते. शृंगार व वीर यांचा मेळ साधूनही चित्रपट वंशाधिकाराच्या चौकटीबाहेर पाऊल टाकीत नाही.

सारंगेची भूमिका करणाऱ्या ललिता पवार त्यावेळी जेमतेम पंधरा वर्षांच्या होत्या. १९४२ साली चित्रीकरणात झालेल्या इजेनंतर त्यांच्या भूमिकांचे स्वरूप पालटले, आणि पुढील पिढ्यांनी त्यांना ओळखले ते मुख्यतः खाष्ट सासू म्हणून, धारदार बोलण्यासाठी. एका अभिनेत्रीविषयीचे सर्वसामान्य मत केवळ तिच्या उत्तरकालीन वाचिक अभिनयावर बेतले जाणे हे एकांगी आहे. ते दुरुस्त करण्यास आज जे थोडे पुरावे हाती आहेत, त्यांत या चित्रपटाचे स्थान महत्त्वाचे मानावे लागेल.