अंतस्थाचा हिशेब
(एल्फिन्स्टनच्या रिपोर्टांतील एका परिच्छेदाचें परीक्षण)

पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं गव्हर्नर-जनरलास जो रिपोर्ट सादर केला व जो पुढें १८२१ त कलकत्त्यास छापून निघाला, त्याची ओळख आमच्या वाचकांस नव्यानें करून द्यावयास नको. मराठशाहीच्या मुलकी कारभारावर लिहूं लागणारा प्रत्येक लेखक पहिली घागर याच विहिरींत बुडवितो. त्या रिपोर्टांतील एका लहानशा परिच्छेदाचें परीक्षण येथें योजिलें आहे. परिच्छेद दरबारखर्च ऊर्फ अंतस्थ या बाबीविषयींचा आहे. पेशवाई किती सडली होती हें ज्यांस दाखवावयाचें असतें ते तो उताऱ्यादाखल देतात. पेशवाईचे अभिमानी तो शत्रूची साक्ष म्हणून बाजूस सारतात. दोघांनींही तो पुरता वाचलेला नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

मजकुराचा आशय प्रथम सांगतों. मामलतदाराच्या प्राप्तीच्या वाटा रिपोर्टांत एकामागून एक दिल्या आहेत. जमा दडविणें, त्यांतही दंड, नजरा व अशाच अनिश्चित बाबींची. दिलेली नसतां सूट दिली असें लिहिणें. नसलेले शिपाई हजिरीपटावर दाखविणें. लोकांच्या नेमणुका न पोंचविणें. खर्चांत इतर लबाड्या करणें. परंतु या सर्वांहून मोठी वाट म्हणजे ठरलेल्या वसुलावर बसविलेली जादा पट्टी. तिला सादरवारीद पट्टी म्हणत. सरकारानें ज्याची तरतूद करून दिलेली नसे असा परगण्याचा खर्च भागविण्यासाठीं ती घ्यावयाची. आणि या खर्चांतील एक ठळक कलम म्हणजे दरबारखर्च. हा पैसा आरंभीं दरबारांतील कारभाऱ्यांस व हिशेब तपासणारांस चोरून पोंचविला जाई. हळूहळू त्याचा दर ठरला, तो नेहमींचा हक्क झाला, आणि इतर खर्चाप्रमाणें त्याचाही हिशेब तपासला जाऊं लागला. पण लांच द्यावी लागण्याचें कारण कांहीं नाहींसें झालें नव्हतें. म्हणून नव्या लांचेसाठीं पट्टी पुन्हा वाढली. शिवाय असल्या नाजूक बाबींत फार खोल शिरावयाचें नाहीं अशी तपासणारांची रीत असल्यामुळें, वरच्यांच्या नांवावर मामलतदार जें गोळा करी त्यांत वरच्यांपेक्षां त्याचा स्वतःचाच वांटा बहुधा मोठा राही.

लांच घेतली जात होती, एवढेंच सांगणारा हा परिच्छेद नाहीं. तसें असतें तर त्याचें परीक्षण करण्याचें कारण नव्हतें. लांच कोणत्या राज्यांत नव्हती? परिच्छेदाचें खरें म्हणणें असें आहे कीं, लांच वहीवर चढली, आणि वहीवर चढल्यानें ती थांबण्याऐवजीं दुप्पट झाली. शब्दाचीच गंमत पाहावी. अंतस्थ म्हणजे आंतलें, झांकलेलें. जें झांकावयाचें त्याचेंच नांव खर्चाच्या सदराला देऊन, कारकुनानें तें ठळक मोडींत लिहावें, त्याखालीं रकमेची बेरीज धरावी आणि वरिष्ठानें ती तपासावी! ज्या शब्दाचा अर्थच गुप्त, तो शब्द उघड्या वहींत सुखानें नांदूं लागला, याहून त्या कारभाराचें अधिक बोलकें चित्र दुसरें मिळणें कठीण.

हें चित्र कोणत्या काळाचें, याविषयीं मात्र बराच घोटाळा माजलेला दिसतो. हा परिच्छेद दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीचा म्हणून सर्रास उद्धृत केला जातो. रिपोर्टाचा क्रम पाहिला असतां तसें म्हणतां येत नाहीं. बाजीरावानें मामलती लिलांवानें, इजाऱ्यानें द्यावयास आरंभ केला, याची हकीकत तेथें मागाहून येते. अंतस्थाचें वर्णन आहे तें त्यापूर्वीच्या पद्धतीचें, म्हणजे ज्या पद्धतीची वाखाणणी करतांना आपले लेखक थकत नाहींत तिचें. इजाऱ्यामध्यें अंतस्थाची निकड उलट कमी असावी. ज्यानें लिलांवांत मामलत विकत घेतली त्याला हिशेबाची भीतीच फारशी उरत नाहीं. लांच द्यावी लागते ती तपासणी असते म्हणून. तेव्हां हा परिच्छेद पेशवाईच्या ऱ्हासाचा पुरावा नसून तिच्या सुव्यवस्थित काळांतील तपासणीच्या स्वरूपाचा पुरावा आहे, आणि याच दृष्टीनें तो आम्हांस मोलाचा वाटतो.

ती तपासणी कागदावर पाहिली तर फारच काळजीपूर्वक बांधलेली होती. मामलतदार एकटा नसे. त्याच्याबरोबर दरकदार असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस इत्यादि. यांची नेमणूक मामलतदाराच्या हातीं नव्हती, आणि त्यांस काढण्याचाही त्याला अधिकार नव्हता. मुजुमदारानें पाहिल्यावांचून हिशेबाचा कागद फडणीसाकडे जावयाचा नाहीं. रोजचा जमाखर्च फडणीसानें लिहावयाचा. आणि मामलतदारानें कांहीं गैर केलें तर तें हुजुरास कळविणें हें दरकदारांचें कामच होतें. एकाचा फायदा दुसऱ्याच्या डोळ्यांखालीं राहावा, हा हेतु यांत स्पष्ट आहे. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर हवालदार, सबनीस व कारखाननीस हे निरनिराळे ठेवण्यांत जें तत्त्व होतें तेंच हें. तत्त्व उत्तम. पण दोन गोष्टी त्याला मारक झाल्या. दरकदारी वंशपरंपरा झाली, त्यामुळें पाहणारा व पाहिला जाणारा एकाच गांवचे शेजारी बनले. आणि ज्या हुजुराकडे कळवावयाचें तेथील तपासणारच अंतस्थाचे धनी होते. ज्यानें घेतलें त्याच्याच पुढें दिल्याची नोंद मांडली गेली, तर त्या नोंदीस पावती म्हणावें. तपासणी म्हणूं नये.

याच्या जोडीला रसदेचें कलम ठेवून पाहावें, म्हणजे भेद उमजतो. मामलत मिळतांना कमाविसदारानें अंदाजी वसुलाचा कांहीं भाग सरकारांत आगाऊ भरावयाचा, त्यावर त्याला व्याज मिळावयाचें, आणि मुद्दल व व्याज त्यानें पुढील वसुलांतून वळतें करून घ्यावयाचें. म्हणजे सरकारचा वसूल करणारा चाकर हाच सरकारचा सावकार! आजच्या कोणत्याही नियमांत हें बसणार नाहीं. पुष्कळदां हा पैसा त्याच्याही घरचा नसे. तो सावकाराकडून उचललेला असे, त्यामुळें महालाच्या वसुलावर नजर ठेवणारा तिसरा गृहस्थ पडद्याआड उभा राही. असें असूनही रसदेचा हिशेब वाचतांना अंतस्थासारखा वास येत नाहीं. रक्कम, तारीख, व्याज, फेड, सर्व लिहिलेलें असतें. आणि मुख्य म्हणजे ज्याच्यापुढें तें मांडलें जाई त्या सरकारास व्याज कमी द्यावयाचें होतें, जास्त नव्हे. वाचणाराचा स्वार्थ लिहिणाराच्या स्वार्थाविरुद्ध होता. अर्थात् ज्या रयतेच्या वसुलांतून हें सारें फिटावयाचें ती या दोघांच्याही वहींत कोठें नव्हती, हें विसरून चालणार नाहीं.

आतां साक्षीदाराकडे वळूं. एल्फिन्स्टन जिंकणाऱ्या पक्षाचा, नव्या राज्याचा कमिशनर; जुन्या राज्याचे दोष दाखविण्यांत त्याचा हितसंबंध होता, हा आक्षेप वरवर खरा आहे. त्याला माहिती देणारे पॉटिंजर, चॅप्लिन, ब्रिग्ज, रॉबर्टसन व साताऱ्याचा ग्रँट हेही त्याच पक्षाचे, आणि या साहेबांना माहिती पुरविणारांत पेशव्यांच्या नोकरींतले जुने लोक असणारच. त्यांस दुसऱ्याची लांच आठवावी व स्वतःची विसरावी हें मनुष्यस्वभावास धरूनच झालें. पण हितसंबंध दाखविला म्हणजे साक्ष पडली, असें मानण्याची जी चाल अलीकडे पडली आहे ती आम्हांस मान्य नाहीं. याच रिपोर्टांत पंचायतींविषयीं लिहितांना, इतके दोष असूनही मुलूख भरभराटींत होता व आमच्या अधिक व्यवस्थित राज्यांतील कांहीं पीडा तेथें नव्हत्या, अशी कबुली त्यानें दिली आहे. अशी कबुली देणारा निव्वळ वकिली करीत नसतो. आज्ञापत्राचें उदाहरण घ्या. सेवकांस वृत्ति, इनाम देऊं नयेत असा उपदेश ज्याच्या नांवावर चालतो त्या रामचंद्रपंत अमात्याचें घराणें बावड्याचें जहागीरदार म्हणून पुढें नांदलें. म्हणून त्या उपदेशाचें वजन कमी होत नाहीं. उलट, देणें-घेणें ज्यानें जवळून पाहिलें त्याचाच तो शब्द आहे.

एल्फिन्स्टनविषयीं दुसरें एक म्हणतां येईल, व तें फारसें कोणीं म्हटलेलें नाहीं. अंतस्थ त्याला इतकें अचूक ओळखतां आलें, कारण त्याच्या स्वतःच्या कंपनीच्या घरांत तें वाढलेलें होतें. १७५९ सालीं मीर जाफरानें क्लाइव्हास जहागीर दिली ती चोवीस परगण्यांच्या खंडाची, आणि हा खंड भरावयाचा होता कंपनीनें. वर्षास सुमारें २७,००० पौंड. कंपनीचा चाकर कंपनीचाच जमीनदार झाला. हें कांहीं झांकलेलें नव्हतें. त्यावर डायरेक्टरांशीं त्याचा तंटाही झाला. पुढें १७६५ त हाच क्लाइव्ह नजराणे न घेण्याचे करारनामे कंपनीच्या नोकरांकडून लिहवून घेत होता, आणि त्याच वर्षीं वरिष्ठ नोकरांस दर्जाप्रमाणें भाग देऊन मिठाच्या व्यापाराची मंडळी उभी करीत होता. १७७३ च्या कायद्यानें गव्हर्नर-जनरल व त्याच्या कौन्सिलास नजराणे व खासगी व्यापार बंद झाले. पिटच्या १७८४ च्या कायद्यानें तर हिंदुस्थानांतून परतणाऱ्या नोकरानें बरोबर आणलेल्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी असें ठरविलें; पण ही अट १७८६ सालींच काढून टाकण्यांत आली. दोन वर्षें! आमच्याकडे निवडणुकीस उभे राहणाऱ्यानें मालमत्तेचें प्रतिज्ञापत्र द्यावें असें सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयापासून चालत आलें आहे, व तें टिकलें आहे. त्या मानानें पार्लमेंटची हिंमत लवकर खचली असेंच म्हणावें लागतें.

एल्फिन्स्टनच्या स्वतःच्या कारकीर्दींतील खुश्रूशेट मोदी याचें प्रकरण येथें ताडून पाहण्याजोगें आहे. हा गृहस्थ पुण्याच्या रेसिडेन्सींत कर्नल क्लोज याच्या वेळेपासून वजनदार. दरबाराशीं बोलणें त्याच्यामार्फत चाले. रेसिडेन्सीचें काम हातीं असतांनाच बाजीरावाकडून कर्नाटकची सरसुभेदारी त्यानें मिळविली. एका हातानें पेशव्यांचा मुलूख सांभाळावयाचा आणि दुसऱ्या हातानें पेशव्यांवर नजर ठेवणाऱ्या रेसिडेंटाचें काम करावयाचें. यांत चोरून असें कांहींच नव्हतें; सरसुभेदारी ही कांहीं पदराखालीं दडविण्याची वस्तु नव्हे. १८११ त एल्फिन्स्टन पुण्यास आला, व पुढें त्यानें मोद्यास दोहोंपैकीं एक सोडावयास सांगितलें. मोद्यानें सरसुभेदारी सोडली आणि ती त्रिंबकजी डेंगळ्याकडे गेली. ग्रँट डफनें ही हकीकत दिली आहे. ती लिहितांना त्याचें सारें लक्ष त्रिंबकजीच्या उदयाकडे आहे, त्यामुळें एल्फिन्स्टनच्या या निर्णयाचें महत्त्व त्याच्या हातून निसटलें. दोन धन्यांची चाकरी जाहीर असल्यानें निर्दोष होत नाहीं, एक सोडावीच लागते, हें ज्याच्या ध्यानांत आलें होतें त्यानेंच आठ वर्षांच्या आंत अंतस्थाचा परिच्छेद लिहिला. तो परिच्छेद केवळ ऐकीव माहितीवर रचलेला नाहीं असें आम्ही म्हणतों तें यामुळें.

परिच्छेदाचा खरा दोष निराळा आहे. ‘हळूहळू’ एवढ्या एका शब्दांत एल्फिन्स्टन सारा काळ गुंडाळतो. चोरीची लांच कोणत्या सालीं खर्चाचें कलम झाली, कोणत्या प्रांतांत आधीं झाली, थोरल्या माधवरावाच्या कडक अमलांत झाली कीं नानाच्या कारभारांत, यांपैकीं कांहींच तो सांगत नाहीं. आणि सर्व निर्णय यावर अवलंबून आहे. थोरल्या माधवरावाच्या वेळच्या (१७६१ ते १७७२) ताळेबंदांतच दरबारखर्च ठराविक रकमेनें पडत असेल, तर नानाच्या माथीं मारलेलें पुष्कळसें खापर काढून घ्यावें लागेल. तो तेथें नसून १७८० च्या सुमारास एकाएकीं दिसूं लागत असेल, तर नानाच्या चरित्रकारांस आपलीं कांहीं प्रकरणें पुन्हा लिहावीं लागतील.

हें ठरविण्याचें साधन इंग्रजी रिपोर्टांत नाहीं, महालोमहालच्या हिशेबांत आहे. आणि येथें आम्हांस आमच्याच मंडळींवर थोडा राग काढल्यावांचून राहवत नाहीं. आमचे संग्राहक लढायांचीं पत्रें, करीने, मोर्तबाच्या सनदा जिवापलीकडे जपतात; हिशेबाचे रुमाल मात्र ‘किरकोळ जमाखर्च’ अशी चिठ्ठी लावून माळ्यावर टाकतात, किंवा रद्दींत जाऊं देतात. संपादकही छापतांना जमेच्या मोठ्या बाबी देऊन खर्चाची बाजू ‘इत्यादि’ या शब्दांत आटोपतात. अंतस्थ सांपडावयाचें तें या ‘इत्यादि’तच.

तरी ज्यांच्या संग्रहीं एकाच महालाचे, पांच-दहा वर्षांच्या अंतरानें पडणारे तीन-चार ताळेबंद असतील, त्यांनीं सादरवारीद, दरबारखर्च व अंतस्थ या सदरांखालील कलमांच्या पुऱ्या नकला करून आमच्याकडे पाठवाव्या. रक्कम कोणाच्या नांवें पडली आहे, तीच रक्कम पुढील वर्षीं तितकीच आहे कीं वाढली, आणि कागदाच्या शेवटीं तपासणाराचा शेरा कोणाच्या हातचा आहे, हें अवश्य लिहावें. मोडी अक्षर लागत नसेल तेथें अंदाजानें शब्द भरूं नये. जागा मोकळी ठेवावी.