द्राक्षातील तपकिरीकरण करणारे विकर व उष्णता : सातारा-सांगलीच्या संदर्भात प्रचलित अभ्यासपद्धतीचे परीक्षण

प्रस्तावना :

सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत, खानापूर व पलूस हे तालुके आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील खटाव, फलटणचा भाग हा द्राक्षशेतीचा प्रदेश म्हणून परिचित आहे. थॉम्पसन सीडलेस या वाणातून निवडलेला ‘तास-ए-गणेश’ हा वाण तासगाव तालुक्यातील बोरगावचा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. या मालाचे मोल मुख्यतः त्याच्या रंगावर ठरते. हिरवा बेदाणा चढ्या भावाने जातो, पिवळा त्याखालोखाल. काळा पडलेला माल मात्र सौद्यात मागे राहतो. एकाच बागेतील, सारख्याच गोडीच्या द्राक्षांत हा जो फरक पडतो, त्यामागे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर प्रामुख्याने असते. साहजिकच या भागातील रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना हा विषय प्रकल्पासाठी सोयीचा वाटतो. मात्र तो ज्या रीतीने हाताळला जातो, ती रीत बेदाण्याच्या मूळ प्रश्नापर्यंत कितपत पोहोचते, हे तपासणे आवश्यक आहे.

विकराचे स्वरूप :

हे विकर तांबेयुक्त असून पेशीतील प्लॅस्टिडमध्ये असते. ज्या फिनॉल संयुगांवर ते क्रिया करते ती रसधानीत असतात. द्राक्षात यांपैकी प्रमुख संयुग म्हणजे कॅफ्टॅरिक आम्ल. पेशी अखंड असेपर्यंत दोहोंची गाठ पडत नाही. मणी सुकू लागला, पेशीपटले फाटली, की हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने क्विनोन तयार होतात व त्यांच्या जोडणीतून तपकिरी रंगद्रव्य निर्माण होते. म्हणजेच ज्या क्रियेने द्राक्षाचा बेदाणा होतो, तीच क्रिया विकराला वाट मोकळी करून देते.

प्रयोगशाळेतील रीत व शेडमधील वास्तव :

नेहमीची पद्धत अशी : मण्यांचा अर्क थंड बफरमध्ये काढावयाचा, तो निरनिराळ्या तापमानांना दहा मिनिटे तापवावयाचा, नंतर कॅटेकॉल मिसळून ४२० नॅनोमीटर तरंगलांबीवर शोषण मोजावयाचे आणि अवशिष्ट क्रियाशीलतेचा आलेख काढावयाचा. आलेख साधारणतः ६० अंशांपुढे झपाट्याने उतरतो आणि ‘७० ते ८० अंश सेल्सिअसला विकर निष्क्रिय होते’ असा निष्कर्ष येतो. अर्कापुरता तो बरोबरही असतो. परंतु काळाचा उल्लेख वगळून केलेले हे विधान अपुरे ठरते. उष्णतेने होणारा विकराचा नाश हा तापमान व वेळ या दोहोंवर अवलंबून असतो. त्यामुळे एकाच कालावधीवर आधारलेला आलेख गतिशास्त्राची माहिती देत नाही. क्रियाशीलता ९० टक्क्यांनी घटण्यास प्रत्येक तापमानाला किती मिनिटे लागतात, हे दिले तरच दोन वाणांची तुलना शक्य होते.

याहून मोठी उणीव परिस्थितीच्या निवडीत आहे. अर्क बहुधा उदासीनाच्या जवळ जाणाऱ्या बफरमध्ये असतो, तर द्राक्षरसाचा सामू साधारण साडेतीन ते चार. अर्कात साखर अत्यल्प, तर सुकत जाणाऱ्या मण्यात ती सतत दाट होत जाते; आणि दाट साखर व कमी पाणी यांमुळे प्रथिन उष्णतेला अधिक काळ टिकून राहू शकते. कॅटेकॉल हे मोजमापाला सुटसुटीत असले तरी द्राक्षाचे नैसर्गिक द्रव्य नव्हे. द्राक्षातील काही विकर सुप्तावस्थेतही असते. ते साध्या मोजणीत दिसत नाही.

आता शेडचा विचार करू. पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑईल यांच्या द्रावणात बुडवलेले घड जाळीच्या कप्प्यांवर सावलीत पसरले जातात व साधारण बारा ते पंधरा दिवसांत माल तयार होतो. द्रावणामुळे मण्यावरील मेणाच्या थराची रचना बदलते व पाणी लवकर निघून जाते. मार्च-एप्रिलमध्ये शेडची हवा फार तर चाळीस अंशांच्या आसपास जाते. ओला मणी बाष्पीभवनामुळे त्याहूनही थंड राहतो. या तापमानाला विकर मरत नाही, उलट जोमाने काम करते. शेडमधील उष्णता ही विकराची मारेकरी नसून सुकवणीची साथीदार आहे. खरी शर्यत पाणी निघून जाण्याचा वेग आणि विकराचा वेग यांच्यात असते. अवकाळी पावसाने हवा दमट झाली की सुकवणी लांबते आणि शर्यत विकर जिंकते. ७० अंशांचा आलेख या शेतकऱ्याला काय सांगणार?

बेदाणा तयार झाल्यावरही विकर नष्ट झालेले नसते, केवळ पाण्याअभावी थांबलेले असते. पावसाळ्यात मालाने ओल धरली तर रंग पुन्हा उतरू लागतो. तासगाव-सांगली परिसरात बेदाण्यासाठी शीतगृहे का उभी राहिली, याचे एक उत्तर येथे मिळते. साठवणीतील विकरावर मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

उच्च तापमानाचे ज्ञान निरुपयोगी आहे असे नव्हे. कॅलिफोर्नियातील सोनेरी मनुका गरम द्रावणातून काढून, गंधकाची धुरी देऊन, बंदिस्त बोगद्यात उष्ण हवेवर सुकवला जातो. तेथे, तसेच रसनिर्मितीत हे आलेख कामाचे आहेत. मात्र जास्त उष्णता दीर्घकाळ दिल्यास साखर व अमिनो आम्ले यांच्या संयोगातून विकराविनाच तपकिरी रंग येतो. केवळ अंतिम रंग मोजणाऱ्या अभ्यासाला हे दोन तपकिरी रंग वेगळे करता येत नाहीत.

गंधकाचा धूर दोन्ही प्रक्रिया रोखतो, म्हणूनच तो लोकप्रिय आहे. त्याची किंमतही आहे : सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना त्रास होतो आणि अमेरिकेत १९८६ पासून दशलक्ष भागांत दहा किंवा अधिक अंश असल्यास वेष्टनावर नोंद बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलियात सुलताना वाणाच्या ‘ब्रूसेस स्पोर्ट’ या उत्परिवर्ती वेलीत हे विकर नीट घडतच नाही, असे आढळले आहे. थॉम्पसन व सुलताना हा एकच वाण असल्याने ही बाब येथील निवड-पैदाशीला थेट लागू पडणारी आहे. तासगावच्या बागांत निवडीने वाण शोधण्याची परंपरा असूनही विकराची पातळी हा निवडीचा निकष म्हणून क्वचितच विचारात घेतला जातो.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. शेडमधून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या व बाराव्या दिवशी मणी घेऊन त्यांतील पाण्याचा अंश, सामू, शेडमधील तापमान-आर्द्रता आणि विकराची क्रियाशीलता यांची एकत्र नोंद करणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका हंगामात जमण्यासारखे काम आहे. हंगाम नेमका विद्यापीठीय परीक्षांच्या तोंडावर येतो. नमुने डिसेंबरात बाजारातून आणले जातात, त्याचे कारण बहुधा हेच असावे.