दारिद्र्य आणि निबंध

लेखकांनीं एखादा दिवस नेमून दारिद्र्यावर एकजुटीनें लिहावें, म्हणजे समाजाचे डोळे उघडतील, अशी सूचना अधूनमधून ऐकूं येते. सूचना करणारांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु भरल्या पोटानें लिहिलेले शंभर लेख एकत्र आले तरी त्यांतून उपाशी माणूस दिसेलच, असें आम्हांस वाटत नाहीं. शरणकुमार लिंबाळे यांचें 'अक्करमाशी' हें आत्मकथन पुनः वाचल्यापासून तर हें मत दृढ झालें आहे.

आमचा सोलापूर जिल्हा भुकेच्या कथांस नवखा नाहीं. दुर्गादेवीच्या दुष्काळांत मंगळवेढ्याचें कोठार लुटविणाऱ्या दामाजीपंतांची कथा इकडे घरोघरीं सांगतात. तींत दामाजी आहेत, बेदरचा बादशहा आहे, विठू महार होऊन धान्याची किंमत चुकती करणारा विठोबा आहे. ज्यांनीं तें धान्य खाल्लें त्यांच्यापैकीं मात्र एकाचेंही नांव आम्हांस ठाऊक नाहीं. देवानें महाराचें रूप घेतलें हें आम्ही कौतुकानें ऐकतों. खरा महार त्या वर्षीं काय खात होता, हें विचारीत नाहीं. चोखोबाही मंगळवेढ्याचेच, पण त्यांचे अभंग आम्ही गाइले, म्हणणें ऐकलें नाहीं.

'अक्करमाशी' १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. लेखकाचें गांव हन्नूर, अक्कलकोट तालुक्यांतलें. सोलापुराहून सकाळीं निघून संध्याकाळीं परत येतां येईल एवढ्या अंतरावर. विद्यार्थिदशेंत डिकन्सच्या ऑलिव्हरनें आणखी पेज मागितली तेव्हां आमचे डोळे भरून आले होते. हन्नूरची वाट आम्हांस ठाऊक नव्हती. या ज्वारीच्या मुलुखांत लेखकाची आजी, संतामाय, शेणांतले ज्वारीचे दाणे वेंचते, धुऊन वाळविते, दळते आणि त्याच पिठाची भाकरी करते. नातू तिचा घास घेऊन पाहतो. येथें करुणरसाची निष्पत्ति शोधूं जाणें आम्हांस तरी लाजिरवाणें वाटतें.

बारा माशांचा तोळा होतो. एक मासा कमी पडला कीं तो अक्करमाशी. आई महार, बाप सवर्ण जमीनदार. म्हणून शाळेंत बापाचें नांव काय लावावें, येथूनच अडचण. भूक आणि अब्रू हीं दोन दुःखें आम्ही टीकाकार वेगळीं काढतों. या पुस्तकांत तीं वेगळीं होत नाहींत.

पुस्तकांतील सर्वांत बोंचणारा प्रसंग शाळेच्या सहलीचा. सवर्णांचीं मुलें एकीकडे जेवतात, महारांचीं दुसरीकडे बसतात, आणि उरलेलें अन्न यांच्या वाट्यास येतें. घरीं आल्यावर आई रागावते ती उष्टें खाल्लें म्हणून नव्हे, आपल्यासाठीं थोडें आणलें नाहीं म्हणून. दुसऱ्या दिवशीं गुरुजी सांगतात, सहलीवर निबंध लिहा.

आम्हीही निबंधाचे विषय फळ्यावर लिहीत आलों. 'दारिद्र्य' हा विषयही कितीकदां दिला, आणि वळणदार अक्षरांतल्या हळव्या निबंधांस सढळ हातानें गुण दिले. एकदां मागच्या बाकावरील एका मुलानें कोरी वही पुढें ठेवली. आम्ही त्यास आळशी म्हटलें. लिहिलें कां नाहीं, हें विचारावयाचें सुचलें नाहीं.

खरी एकजूट निराळ्याच रीतीनें घडली. १९५८ सालीं मुंबईंत दलित साहित्यसंमेलन भरलें; त्याचें उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनीं केलें. पुढें १९७८ सालीं दया पवारांचें 'बलुतं' आलें, १९८० सालीं लक्ष्मण माने यांचें 'उपरा', आणि मग 'अक्करमाशी'. यांस कोणीं विषय नेमून दिला नव्हता. ज्यानें जें सोसलें त्यानें तें सांगितलें, आणि एकाचें धैर्य पाहून दुसऱ्यास वाचा फुटली.

पुस्तक निर्दोष आहे असें नव्हे. प्रसंगांचा क्रम विस्कळित आहे. ठिकठिकाणीं सांगणें थांबून प्रश्नांचा भडिमार सुरू होतो, आणि तेथें पकड सुटते. परंतु शिव्यांचा व ग्राम्य भाषेचा जो आक्षेप नेहमीं घेतला जातो, तो आम्हांस मान्य नाहीं. हें पुस्तक अभ्यासक्रमास लावावें कीं काय, अशी चर्चा पूर्वीं एका बैठकींत निघाली असतां, 'मुलींच्या वर्गांत हें कसें शिकवावयाचें?' असें एका वडील सहकाऱ्यांनीं विचारलें. आम्ही तेव्हां कांहीं बोललों नाहीं.