कोल्हा ते खोकड

जॅकल म्हणजे कोल्हा आणि फॉक्स म्हणजे खोकड. लहानपणीच्या गोष्टींत आपण दोघांनाही कोल्हाच म्हणतो, पण रानात वावरणारा माणूस ही गल्लत करत नाही. थरारकथाकार फ्रेडरिक फोर्साइथच्या बाबतीत ती माझ्याकडून झाली. ‘द डे ऑफ द जॅकल’ १९७१ चं, ‘द फॉक्स’ २०१८ चं. दुसरंही त्याच जातीचं जनावर असणार, असं धरून रात्री दहाला वाचायला बसलो आणि साडेअकराला दिवा मालवून झोपलो. कॉलेजात असताना ‘जॅकल’पायी सकाळचं पहिलं लेक्चर बुडवलेल्या माणसाला हे चांगलंच लागलं.

‘जॅकल’ला सुरुवातीला प्रकाशकांनी नकार दिला, त्यामागचं कारण तसं रास्त होतं. फ्रान्सचा अध्यक्ष द गॉल याचा खून झालेला नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक. मग त्याला मारायला निघालेल्या मारेकऱ्याच्या गोष्टीत उत्कंठा उरते कुठे? ती ‘काय होणार’ यात नव्हतीच, ‘कसं जमवणार’ यात होती. फोर्साइथ तरुणपणी रॉयटर्सचा बातमीदार म्हणून पॅरिसमध्ये होता. १९६२ च्या ऑगस्टमध्ये द गॉलच्या मोटारीवर खरोखरच गोळीबार झाला होता. त्या काळातल्या पॅरिसची आणि अध्यक्षांभोवतीच्या पहाऱ्याची त्याला जवळून माहिती होती. पुढे नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धाचं वार्तांकन करून तो कफल्लक अवस्थेत परतला आणि १९७० च्या जानेवारीत त्याने ही कादंबरी ३५ दिवसांत लिहून काढली.

त्यातला पासपोर्टचा प्रसंग पाहा. मारेकरी दफनभूमीत फिरतो, आपल्याच वयाचा झाला असता असं लहानपणी गेलेलं मूल शोधतो, त्याच्या नावाचा जन्मदाखला काढतो आणि त्या दाखल्यावर अस्सल पासपोर्ट मिळवतो. यात ना गोळी सुटते, ना कुणी कुणाच्या मागे धावतं. एक माणूस फॉर्म भरतो, एवढंच. पण वाचणाऱ्याचा श्वास अडकतो, कारण त्या वेळच्या इंग्लंडमध्ये ही पळवाट खरोखरच होती. किंवा ते खरबूज. रानातल्या झाडाला टांगलेलं खरबूज, त्यावर रंगवलेला चेहरा, प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवणं, आणि शेवटी खास बनवून घेतलेल्या गोळीने खरबुजाच्या चिंधड्या. पुढे काय करायचा बेत आहे, हे लेखक सांगत बसत नाही. खरबूज सांगतं.

अशा तपशिलांसाठीची पायपीट त्याने म्हातारपणीही सोडली नव्हती. ‘द कोब्रा’साठी २००९ च्या मार्चमध्ये तो गिनी-बिसाऊला पोहोचला आणि त्याच सुमारास तिथल्या राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. ‘द किल लिस्ट’साठी (२०१३) तो मोगादिशूला जाऊन आला. त्या कादंबरीतही पोटमाळ्यावर बसलेला एक संगणकवेडा पोरगा आहेच, पण तो मदतनीस म्हणून. ‘फॉक्स’मध्ये त्याच जातीच्या पोराला मधोमध आणून बसवलंय, आणि घात तिथेच झाला.

१८ वर्षांचा ल्यूक जेनिंग्ज अमेरिकेच्या अभेद्य समजल्या जाणाऱ्या संगणकांत शिरतो. त्याला शिक्षा करण्याऐवजी सर एड्रियन वेस्टन हा निवृत्त हेर त्याला ब्रिटनच्या कामाला लावतो. मग रशिया, इराण आणि उत्तर कोरिया यांची एकामागून एक फजिती. रशियाची अजस्र युद्धनौका इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच्या वाळूत रुतते. कशी? ल्यूक कीबोर्डवर बसला म्हणून. पुढचं कुलूप कसं उघडलं? ल्यूक पुन्हा बसला म्हणून. बंदुकीचा एकेक स्क्रू दाखवणारा लेखक इथे नुसतं ‘उघडलं’ म्हणतो आणि पुढे जातो. हा माणूस आयुष्यभर टाइपरायटरवर लिहीत आला. डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं ही त्याची ताकद, आणि संगणकाच्या पडद्यामागे पाहण्यासारखं त्याला काही सापडलं नाही. ल्यूक स्वतः तर जवळपास मुकाच. त्याला काय वाटतं, कशाची भीती वाटते, याची लेखकाला फिकीर दिसत नाही.

वय झालं, हात थकला, असं म्हणून हा विषय संपवता येईल. मला ते पटत नाही, कारण अडचण एकट्या फोर्साइथची नाही. हेरगिरीचं काम रस्त्यावरून पडद्यावर गेलं आणि थरारकथा लिहिणाऱ्या सगळ्यांपुढेच हा पेच उभा राहिला. जॉन ल कारेने २०१७ मध्ये ‘अ लेगसी ऑफ स्पाइज’ लिहिताना जुन्या फायली उघडल्या आणि आपल्याच पात्रांना जाब विचारला. मिक हेरनने ‘स्लो हॉर्सेस’पासून नालायक ठरवून अडगळीत टाकलेले हेर आणि त्यांचं कळकट ऑफिस हाच विषय केला. स्टिग लार्सनची लिझबेथ सालँडर संगणक कसे फोडते, हेही आपण विश्वासानेच मान्य करतो, पण लिझबेथ माणूस म्हणून उभी राहते. तंत्र दाखवता येत नसेल तर माणूस तरी दाखवावा लागतो. ‘फॉक्स’मध्ये दोन्ही नाही.

आपल्याकडे मराठी रहस्यकथांत अर्नाळकरांचा झुंजार आणि शिरवळकरांचा दारा बुलंद वाचत वाढलेल्यांना तपशिलाची फारशी सवय नव्हती. त्यांची मजा वेगळी, नायकाच्या रुबाबाची. पासपोर्टच्या फॉर्ममध्येही रहस्य असतं, हे मला फोर्साइथने शिकवलं. म्हणून तक्रारही त्याच्याच मापाने करतोय. दुसऱ्या कुणी ‘फॉक्स’ लिहिली असती, तर प्रवासात बरी म्हणून सोडून दिली असती.

९ जून २०२५ रोजी फोर्साइथ गेला. त्या आठवड्यात मी कपाटातून ‘जॅकल’ काढली आणि शेवट तोंडपाठ असूनही रात्री दोनपर्यंत जागलो. त्याचं काही वाचलं नसेल त्याने ‘जॅकल’पासून सुरुवात करावी, मग ‘द ओडेसा फाइल’ आणि ‘द डॉग्ज ऑफ वॉर’ घ्यावं. ‘फॉक्स’ लायब्ररीतून आणली तरी चालेल, विकत घ्यायची गरज नाही.